बुटाची नाडी

सीमेवरच्या बर्फात जवानाच्या हाताची बोटं कायमची बधिर झाली, तरी अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला. अपिलाला वकील मी. वैद्यकीय अहवाल एआयला वाचायला दिले. त्यानं बजावलं, "प्रत्येक डॉक्टरला यांनी 'तक्रार नाही' सांगितलंय. दुखतं का, विचारू नका. रोजची कामं कोण करतं, विचारा." जवानाच्या बायकोला विचारलं. वहिनी म्हणाल्या, "बुटाची नाडी मीच सोडते. पण ते काय सांगायचं?" सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "काही त्रास?" आमचा पठ्ठ्या ताठ. "नाही, साहेब!" मी दातओठ खात म्हणाले, "बूट काढा." हुकूमच तो, जवान बसला. सवयीनं वहिनी वाकल्या. मी त्यांचा हात धरला. "आज नाही, वहिनी." जवानाची बोटं नाडीवरून घसरत राहिली. "पुरे," अधिकारी म्हणाले, "कळलं." जवानानं मान वर केली नाही. "हुकूम अर्धवट सोडत नाही, साहेब."