कंसातला हशा

“भाषणात येणारे अवघड शब्द आधी सांगून ठेवा. म्हणजे टाइप करताना मी अडखळणार नाही,” स्टेजच्या बाजूला छोट्या टेबलाशी बसलेली बाई म्हणाली, आणि खवचटने तिला ओळखलं.

‘खवचट’ हे खरं तर त्याच्या ब्लॉगचं नाव. पण सॉफ्टवेअरवाल्यांच्या या परिषदेत सगळे त्यालाच त्या नावाने हाक मारत, आणि त्यालाही ते आवडत असे. वक्ता जे बोलेल ते तसंच्या तसं टाइप करून मोठ्या पडद्यावर उमटवायचं, हे त्या बाईचं काम होतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ही सोय होती, मागच्या रांगांतल्यांनाही तिचा उपयोग होई.

“तुम्ही इथे?” तो म्हणाला. “कोड लिहिणं सोडलंत?”

“केव्हाच. आता दुसऱ्यांचं बोलणं लिहिते. यात कुणाला नावं ठेवायला जागा नसते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं.

पूर्वी दोघं एकाच ऑफिसात होते. एकदा तिचा अर्धवट प्रोग्रॅम त्याच्या हाती लागला. त्यातल्या प्रत्येक आकड्याला आणि यादीला तिने इंग्रजी अक्षरांत क, का, कि, की अशी नावं दिली होती. त्याने लगोलग ब्लॉगवर ‘बाराखडीबाई’ नावाचा लेख ठोकून दिला. तिचं नाव कुठे लिहिलं नव्हतं, पण ऑफिसात ते कुणाला सांगावंही लागलं नाही. लेख तुफान गाजला, ब्लॉग नावारूपाला आला, भाषणांतही लोक शेवटी तोच किस्सा मागायला लागले. ती थोड्याच दिवसांत नोकरी सोडून गेली, याचा मात्र त्याने कधी विचार केला नव्हता.

आज पाहुण्यांना वाटलेल्या टी-शर्टांवर छापलं होतं, ‘क का कि की’. संयोजकांनी तिलाही एक दिला होता. तो घडीसुद्धा न मोडता कीबोर्डशेजारी पडला होता.

त्याची नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

“ती नावं मी नंतर बदलणार होते,” ती हळूच म्हणाली. “आधी प्रोग्रॅम चालतोय का, तेवढंच बघत होते. सगळेच करतात की असं. तुम्हीसुद्धा करत असाल.”

तो करत असे. अजूनही करतो.

“मग बदलली का नाहीत?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर सगळे तुमचा लेख वाचत होते. मग कशाला बदलायची?”

मेल्याहून मेल्यासारखं म्हणजे काय, ते त्याला पहिल्यांदा कळलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात संयोजक लगबगीने आला.

“सर, चला, वेळ झाली. आणि शेवटी बाराखडी हवीच हां! लोक त्याच्यासाठीच बसलेत.”

“आज बाराखडी नको. कधीच नको.”

संयोजक खो खो हसला. “तुमचा हा गंभीर चेहराच मारतो बघा, सर!” म्हणत त्याने खवचटला स्टेजवर ढकललंच.

खवचट दुसरंच बोलला. ब्लॉग का लिहावा, कंटाळा आला तरी कसा लिहीत राहावा, असं काहीबाही. बाजूच्या पडद्यावर त्याचं एकेक वाक्य त्याच्या अडखळण्यासकट उमटत होतं. लोक चुळबुळ करायला लागले, काहींनी फोन बाहेर काढले. मग मागून कुणीतरी ओरडलं, “बाराखडी!” त्याला दुसऱ्याने साथ दिली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर तेच ओरडायला लागलं.

त्याने टेबलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून टाइप करत होती. पडद्यावर आलं, ‘(प्रेक्षक: बाराखडी!)’

तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, एवढं भान त्याला होतं. तो माइकजवळ सरकला.

“त्या बाराखडीबाईंबद्दल एक सांगायचं राहून गेलंय.”

सभागृहाने शिट्ट्या मारल्या.

“ती नावं त्या नंतर बदलणार होत्या. आधी प्रोग्रॅम चालतोय का, तेवढंच बघत होत्या.”

हशाचा नुसता कल्लोळ झाला. पुढच्या रांगेतला एकजण मांडीवर थापा मारत शेजाऱ्याच्या अंगावर कलंडला. पडद्यावर ती दोन्ही वाक्यं उमटली, आणि त्यांच्यापुढे कंसात, ‘(हशा)’.

“मी त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही,” खवचट म्हणाला. “चूक माझी होती. त्यांची नाही.”

‘(हशा)’

लोकांचं तरी काय चुकलं? चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलायचं आणि समोरच्याला लोळवायचं, हे त्यानेच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं. आता त्याचे डोळे भरून आले होते, तेही मागच्या रांगेतून दिसत नव्हतं. संयोजक विंगेत उभा राहून अंगठा उंचावत होता.

“अहो, हसू नका,” तो काकुळतीने म्हणाला. “मी खरंच माफी मागतोय.”

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. काहीजण तर उठून उभे राहिले.

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्याचं वाक्य तिथे जसंच्या तसं आलं होतं, ‘अहो, हसू नका. मी खरंच माफी मागतोय.’ पुढे काही नव्हतं. टेबलाशी तिची बोटं कीबोर्डवर थांबली होती, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं.

सभागृह हसतच होतं.

तिने मान खाली घातली आणि कंसात लिहिलं, ‘(हशा)’.