मागचा डावा भाग

“हा भाग माझ्या गाडीचा नाही,” खोक्यात डोकावून काकांनी निकाल दिला.

फोरमनने हातातला पाना खाली ठेवला. तो उगारला जाऊ नये म्हणून ठेवला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

काका निवृत्त मुद्रितशोधक. वर्कशॉपमध्ये त्यांच्या माघारी त्यांना ‘शुद्धिपत्र’ म्हणत. त्यांच्या विजेवरच्या गाडीचा मागचा डावा कोपरा खांबावर आदळून आत गेला होता. तिथला ढाच्याचा भाग कंपनीने मध्येच बदलला होता: आधी पत्र्याचे दोन तुकडे जोडलेले, नंतर अखंड ओतीव. वरून दोन्ही आवृत्त्यांच्या गाड्या सारख्याच. पण एकीचा भाग दुसरीला बसवला, तर पुढच्या धडकेत ढाचा भलतीकडेच दुमडणार. काकांच्या हरकतींमुळे दोन भाग परत गेले होते. तिसराही परत आला, तर ढाच्याच्या दुरुस्तीची मान्यताच काढून घेऊ, असे कंपनीने फोरमनला बजावले होते.

“काका, गाडी मार्चची. बदल झाला फेब्रुवारीत. मग नवी आवृत्ती नाही तर काय?”

“बदल फेब्रुवारीत सुरू झाला. शिल्लक जुने भाग कारखान्याने फेकून दिले, असं कुठे लिहिलंय?”

“तुम्ही होतात का कारखान्यात?”

“तुम्ही होतात?”

फोरमनने डोळे मिटून आकडे मोजायला सुरुवात केली. चारवर असताना काकांचा फोन वाजला. काकूंचा आवाज पार रंगकामाच्या खोलीपर्यंत पोचला.

“अजून नाही झाली? बसच्या पायऱ्या चढून गुडघे गेले माझे! द्या बघू त्या फोरमनला.”

“काकू, केव्हाच झाली असती,” फोरमन फोनवर कळवळला. “पण यांचं समाधान होईल तर शपथ!”

“पस्तीस वर्षं माझ्या चिठ्ठ्यांतसुद्धा चुका काढतायत. त्यांचं काय ऐकता? तुम्ही तुमचं काम करा!”

आता मात्र फोरमनने वादाचा नाद सोडला. डिकीचा तळ काढवला, आतले आवरण उचकटले, धातूवरचा लेप घासला. खाली ओतीव धातूतच उमटलेला क्रमांक दिसला. त्याचा फोटो कंपनीकडे गेला. उत्तर येईपर्यंत काका चष्मा पुसत उभे राहिले.

“हा गाडीवरचा नंबर, हा खोक्यावरचा, हे कंपनीचं उत्तर,” फोरमनने एकेकावर बोट आपटले. “अखंड ओतीव. नवी आवृत्ती. आता कुठला काना, कुठली मात्रा राहिली?”

काकांनी तिन्ही क्रमांक दोनदा ताडून पाहिले. मग तिसऱ्यांदा. एकही चूक सापडेना.

“परवा संध्याकाळी या,” फोरमनचा आवाज कित्येक दिवसांनी खाली आला. “चक्कर मारून बघा, मगच ताब्यात घ्या. आणि यापुढे मागे घेताना जरा खांब बघा, म्हणजे झालं.”

काका खोक्याच्या कडेवर टेकले.

“मला गाडी येत नाही हो. चालवते ती. डावीकडचं दिसणं जात चाललंय तिचं. गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नका बोलू, मीच सांगतो तिला. त्याला आज महिना झाला.”