हरवल्यास शोध

“हरवला, तर तुमची कंपनी शोधते ना?” घड्याळजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

एजंटबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. टेबलावर दोघांच्या मधोमध तो ड्रोन बसला होता, पंख दुमडून, मुकाट. हौसेचं खेळणंच ते. घड्याळजींच्या लेकीने त्यांना वाढदिवसाला दिलेलं.

“मोठी पॉलिसी घेतली तर शोधते. पण काका, खरं सांगू? तुम्हाला लहान पुरे. पडला, पंखा मोडला, तर भरपाई मिळते. मोठीत हरवणं येतं, शोध येतो, पण हप्ता बघा की केवढा! नाकापेक्षा मोती जड.”

“पाण्यात पडला तर?”

“पाणबुड्या माणूस उतरवतात.”

“आणि त्या जागेला फाटक असलं, आत जायला बंदी असली तर?”

“परवानगी कंपनीच काढते. हरवला म्हणून थापा मारणारे काय थोडे असतात? म्हणून आधी शोधायचं, मग भरपाईचं बोलायचं.”

घड्याळजींनी समाधानाने मान डोलावली. “मग मोठीच द्या.”

या धंद्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. हरवण्याबद्दल इतकं खोदून विचारणारा माणूस वस्तू हरवायचं ठरवूनच आलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरा कुणी असता तर गोड बोलून वाटेला लावला असता. पण हे घड्याळजी होते.

वडिलांचं बोट धरून त्या यांच्या दुकानात जायच्या. काचेचं दार ढकललं की चारी भिंतींवरून टिकटिक अंगावर यायची. प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. “यातलं खरं कुठलं?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं. एका डोळ्याला भिंग लावलेले घड्याळजी मान वर न करता म्हणाले होते, “जे तुला जेवायच्या आत घरी पोचवेल ते.” आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

“उडवता कुठे?” फॉर्म भरता भरता बाईंनी विचारलं.

“जुन्या दगडखाणीवर. फाटकाच्या अलीकडून.” म्हाताऱ्याचा चेहरा एकदम निवळला. “तेव्हा फाटक नव्हतं. मी आणि दादा तिथे कागदी विमानं सोडायचो. त्याचं पार पलीकडच्या काठाला टेकायचं. माझं नाक खाली घालून थेट पाण्यात. मग मी भोकाड पसरायचो. दादा कपड्यांसकट उडी मारायचा, बुडी घ्यायचा आणि तो ओला लगदा माझ्या हातात ठेवायचा. ‘घे रडूबाई, तुझं विमान.’ घरी गेल्यावर मार मात्र दोघांनाही.”

बाईंना हसू आलं. “आता कुठे असतात दादा?”

“लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मोटारसायकल काढून खाणीवरच्या रस्त्याने निघून गेला. पोरगी पसंत नव्हती म्हणे.” त्यांनी ड्रोनचा एक पंख उगाच उघडून मिटला. “आईने मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावली नाही.”

प्रत्येक घरात असं एखादं झाकलेलं पान असतं. बाईंनी पुढे विचारलं नाही. सही कुठे करायची ते दाखवलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. “ड्रोन गेला. खाणीत पडला. वरच्या रस्त्याचं वळण आहे ना, त्याच्या बरोबर खाली, काठापासून दहा हात.”

बाईंनी जागा लिहून घेतली. कुणी इतकं मोजूनमापून हरवतं का? पण कागद तर पाठवायलाच हवे होते. कंपनीचं पत्र गेलं, आणि वर्षानुवर्षं गंजलेलं ते फाटक आठवड्याभरात उघडलं.

पाणबुड्या सकाळी दहाला हजर झाला. घड्याळजी त्याच्याही आधी येऊन उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट, दाढी गुळगुळीत. जणू कुणाच्या स्वागताला निघालेत. बाईंना रागच आला. पाणबुड्या पाण्याखाली दिसेनासा होताच त्यांनी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं.

“काका, अजून वेळ गेलेली नाही. मुद्दाम पाडला असेल तर सांगून टाका. मी कागद फाडते. कुणाला कळणार नाही.”

“मुद्दामच पाडला, पोरी.”

बाईंना लहानपणापासून जपलेलं काहीतरी हातातून निसटून फुटल्यासारखं झालं.

“का पण? इतकी अडचण होती तर लेकीला सांगायचं!”

“अडचण कसली? मला तुमची भरपाई नकोच. पंचेचाळीस वर्षं अर्ज करतोय मी. पोलिसांकडे केले, मालकाकडे केले. सगळे म्हणाले, वेडा आहे. माणसासाठी कोण फाटक उघडतंय?” ते पाण्यावरून नजर हलवत नव्हते. “खेळण्यासाठी उघडतात.”

पुढे काही विचारायच्या आत पाणी खळबळलं. पाणबुड्याचं डोकं वर आलं. त्याने हात उंच केला. हातात ड्रोन होता, शेवाळाने माखलेला.

“मिळाला!”

घड्याळजींनी ड्रोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “अजून काय आहे खाली?”

पाणबुड्याने तोंडावरचा मास्क काढला. चमकून तो एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा बाईंकडे बघत राहिला.

“मोटारसायकल आहे. फार जुनी, गाळात रुतलेली. आणि तिच्याखाली...” तो काठाजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, पोलिसांना बोलवावं लागेल. नंबराची पाटी हाताने पुसून पाहिली मी. आकडे अजून...”

“सव्वीस एकोणचाळीस,” घड्याळजी म्हणाले. “दादाची आहे.”