दाराची कडी

तलासरीहून येणारे फादर दोन्हीकडे पुरे पडेनात, म्हणून आमचं आणि ओढ्यापलीकडच्या पाड्याचं चर्च एक करायचं ठरलं. एकाला कुलूप लागणार होतं. आमचा पाडा लहान, म्हणजे कुलूप आम्हालाच, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती. मरिया आणि योसेफला "जागा नाही" म्हणून हाकलणारा धर्मशाळेचा मालक दरवर्षी पास्कूकाकाच होतो. तेवढ्यात पलीकडच्यांचा टेम्पो येताना दिसला.

"आपली मरियामाता न्यायला आले रे!" पास्कूकाका ओरडला. मार्थाकाकूने चर्चमध्ये शिरून दाराला आतून कडी घातली. आम्ही बाकीचे बाहेर दारापुढे आडवे उभे राहिलो. नाताळचा गोठा शाकारायला घेतलेला कोयता माझ्या हातात तसाच होता.

"मूर्तीला हात लावायचा नाही! चला, निघा इथून!" पास्कूकाकाने दरडावलं.

टेम्पोतून एक म्हातारी उतरली. तिने मागची गोधडी बाजूला केली. आत त्यांची मरियामाता होती.

"आमच्या चर्चला आज सकाळी कुलूप लागलं," ती म्हणाली.


"हिला तुमच्याकडे जागा आहे का?"