शुक्रवारपर्यंतचे कागद

"पतनोंदीत थकबाकीचा नवा शेरा पडलाय," बँकेतली लिनेया म्हणाली आणि संगणकाचा पडदा तिनं नवराबायकोकडे वळवला. "तोर्केल यांच्या नावावर. जानेवारीत."

सिवचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, जुना शेरा या महिन्यात पुसला जाणार होता! तीन वर्षं दिवस मोजलेत मी."

"जुना पुसला गेलाय. हा दंतवैद्याच्या बिलाचा. सहाशे चाळीस क्रोना भरलेच नाहीत, प्रकरण वसुली खात्यापर्यंत गेलं. पत इतकी घसरल्यावर घराला कर्ज नाही मिळत हो. आणि एकट्या तुमच्या पगारावर भागत नाही."

तोर्केल मान खाली घालून टोपी हातात फिरवत होता. बोरोस शहरात तीस वर्षं बस चालवली, एक थांबा कधी चुकवला नाही गड्यानं. बिलांच्या बाबतीत मात्र हा असा वेंधळा! आधी गाडी लावल्याचा दंड, मग फोनचं बिल, आता दात. जुना शेरा पुसला जायची वेळ आली की याचा नवा तयार.

लिनेयाला सिवची दया आली असावी. "बिलात चूक असेल, पत्रं उशिरा पोचली असतील, तर सगळे कागद शुक्रवारपर्यंत आणा. मी वरच्यांशी भांडते."

बाहेर पडताच सिव कडाडली. "बिल तुझ्या हातात दिलं होतं मी!"

"विसरलो."

"आणि नंतरची पत्रं?"

"हरवली असतील कुठंतरी."

"स्वतःचं डोकं हरवत नाहीस, नशीब माझं!"

कर्ज हवं होतं ते तळ्यापलीकडच्या पिवळ्या घरासाठी, दारात सफरचंदाची दोन झाडं. मालकीणबाई आयनानं सिवसाठी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली होती. पडद्यांची मापंसुद्धा घेऊन झाली होती.

ते राहत होते त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या दारांना नवी विजेची कुलुपं लागली होती. यांच्याच दाराला जुनं. तोर्केल त्यापायी इमारतीच्या व्यवस्थापकाशी हमरीतुमरीवर आला होता. चांगलं चालणारं कुलूप कशाला बदलायचं, म्हणे. कवडीचुंबक मेला, म्हणून सिव तेव्हा हसली होती.

त्या कागदांसाठी तीन दिवस तिनं घर उलटंपालटं केलं. खण, बिस्किटांचे डबे, फ्रीजची मागची बाजू. उरली ती लेकीची, ईल्वाची खोली. तिच्या दाराशी आल्यावर सिवचे पाय थबकले.

"नऊ वर्षं हे बंद दार बघतेय मी. भांडून गेली पोर, एक फोन नाही. मला इथून बाहेर पडायचंय रे. इथं राहिले तर वेड लागेल मला."

"तिचं नाव काढू नकोस. गेली ती गेली."

"दगड आहेस तू, दगड!"

त्यानं कॉफी करून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती तशीच गार होऊ दिली.

कागद मिळालेच नाहीत, आणि शुक्रवारी बँक बंद व्हायची वेळ टळून गेली. तासाभरानं आयनाचा फोन आला. तिला आता थांबता येत नव्हतं, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. "समजतं मला," असं सिव शांतपणे म्हणाली. फोन ठेवला आणि हमसून हमसून रडायला लागली. तोर्केलनं खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला.

"दूध घेऊन येतो," म्हणून तो बाहेर पडला. जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर, मटकन बसला. डोळे पुसले. मग कोटाच्या आतल्या खिशातून कागदांची घडी काढली.

दंतवैद्याचं बिल. दोन स्मरणपत्रं. वसुलीची नोटीस. तारखेवार लावून टाचणी मारलेली. त्यांच्या खाली वहीचा एक फाटका कागद होता, घड्या पडून पडून विरलेला. अक्षर ईल्वाचं.

"बाबा, किल्ली घेऊन जातेय. आईला सांगू नकोस. कुलूप तेवढं बदलू नकोस."