मापात बसलेले हातमोजे

सकाळी शेर्वॉय बंदराच्या धक्क्यावरून नाव सुटणार होती आणि भर समुद्रात देवमाशांबरोबर पोहायचं होतं, म्हणून तुरिड बॅग भरत होती. शेवटी तिने आईचे हातमोजे घालून पाहिले. वारण्याआधी आईने विणलेलं हे शेवटचं. अंगठ्याशी एक धागा अजून लोंबत होता. हातमोजे अगदी मापात बसले, असं तिने शेजारी बसलेल्या मावशीला सांगितलं.

"मापात?" मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, समुद्रावरचे हातमोजे दुप्पट मोठे विणतात. खाऱ्या पाण्याने आटले की मग हाताला बसतात. तुझ्या बाबांसाठी ताईने वर्षानुवर्षं तसेच विणले, त्यांची होडी परत आली नाही त्या हिवाळ्यापर्यंत. तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काय माहीत! हे भिजले ना, तर बाहुलीला होतील."

"शेवटी शेवटी तिला आठवत नव्हतं का गं?"

"तसंच असणार. आधी चांगले मोठे विणून तयार होते. मग पाण्यात उतरणार म्हणून तुझा फोन आला, आणि त्याच संध्याकाळी तिने बसून सगळे उसवले. पुन्हा विणले ते हे एवढेसे. डोकंच चालत नव्हतं बिचारीचं."

"त्याच संध्याकाळी?" अंगठ्याशी लोंबणारा धागा आत खोचत तुरिडने विचारलं.



दुसऱ्या दिवशी देवमासे दिसले आणि नावेतले सगळे पाण्यात उतरले. तुरिड एकटीच वर उभी राहिली, हातमोजे कोरडे सांभाळत.