सरांचा श्वास

"नाकाने," सर म्हणाले. "तोंडाने नाही. किती वेळा सांगायचं?"

मुलीने तोंड मिटलं. दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत ती पलंगावर आडवी होती. मनगटांना वायरी, बोटाला चिमटा. तिच्या छातीतली धडधड शेजारच्या पडद्यावर हिरव्या रेघेने पळत होती आणि दर ठोक्याला यंत्र टुक करत होतं. हृदयात काही दोष आहे का बघू, थोडा वेळ आलेख काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पेशंटबरोबर आत कुणी थांबायचं नाही, असा तिथला नियम. पण नियम इतरांच्या वडिलांसाठी असतात. हे सर होते. श्वासाचे सर. त्यांची शिबिरं, त्यांच्या ध्वनिफिती, चौकाचौकात डोळे मिटून हसणारा त्यांचा चेहरा. आणि आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्याला आपल्या आवाजाची लाज वाटावी.

"मज्जासंस्थेचं कसं असतं," ते तपासणाऱ्या बाईंना सांगू लागले. बाईंनी विचारलं नव्हतं. "तिचा एक भाग ताणतो, दुसरा सैल करतो. श्वास लांबवून सोडला, की मेंदूला निरोप जातो, धोका टळला. इतकं सोपं आहे! मी हजारो लोक शांत केले, आणि आमची पोर बघा. नुसती नाटकं."

"घाबरलेल्या पेशंटना आम्ही तुमचंच ऐकवतो, सर," बाई म्हणाल्या. त्या खरोखरच भारावल्या होत्या.

सर प्रसन्न झाले. प्रसन्न व्हायला त्यांना फार काही लागत नसे, विषय स्वतःचा असला की पुरे. तेवढ्यात दारातून कुणीतरी फोटोसाठी विनवलं. सर केसांवरून हात फिरवून बाहेर गेले.

दार लोटलं गेलं आणि थोड्या वेळाने टुकटुक मंदावली. बाईंना बरं वाटलं. अजून शांत करू या पोरीला, म्हणून त्यांनी मायेने तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सरांची ध्वनिफीत लावली.

सुरुवातीला सर नुसतेच बोलतात. तोवर ठीक होतं. मग ते स्वतः करून दाखवतात, नाकाने एक लांब, सावकाश श्वास सोडतात. तो आला मात्र, यंत्र पिसाळल्यासारखं वाजायला लागलं. मुलीच्या पायाची बोटं आवळली गेली.

बाईंनी हेडफोन ओढून काढला आणि टेबलावर टाकला. "काय झालं गं? याने तर सगळ्यांचे ठोके उतरतात."

मुलगी छताकडे बघत होती. "घरी पण ते आधी असाच श्वास सोडतात."

"आधी म्हणजे? कशाच्या आधी?"

"मग कडी लावतात."

बोटाचा चिमटा सरकला होता. तो नीट करायला बाईंनी तिचा हात उचलला, तशी सैल बाही वर गेली. दंडावर जुने हिरवट वळ होते आणि त्यांच्यावर नवे. त्यांनी बाही हळूच खाली केली.

बाहेरचा हशा जवळ आला. "झालं का?" सरांनी दारातून डोकं आत घातलं.

पडद्यावरची रेघ उसळली. सरांनी ती पाहिली, मग मुलीकडे पाहिलं, हसतच. आणि नाकाने एक लांब, सावकाश श्वास सोडला.

"पुरे आता. काढा त्या वायरी," ते म्हणाले. "उरलेलं मी घरी बघतो."

"तुम्ही बाहेर थांबा," बाई म्हणाल्या.

"मी कोण आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो. आत्ताच कळलं."

बाईंनी दार त्यांच्या तोंडावर लावलं आणि आतून कडी घातली. कडीच्या आवाजाने मुलगी दचकून उठून बसली. मग तिच्या लक्षात आलं, सर बाहेर होते.

दार आधी बोटांनी वाजलं, मग तळहाताने. बाईंनी फोन हातात घेतला. "मी डॉक्टरांना बोलावते. तुझ्या आईला पण फोन लावू का?"

"आईला नको," मुलगी म्हणाली. "ती म्हणेल, दीर्घ श्वास घे."

आता दारावर मूठ बसत होती. फोटो काढणारे गप्प झाले होते. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून मात्र सर अजून मऊ आवाजात सांगत होते, सोडा, सगळं सोडून द्या, इथे तुम्ही अगदी सुरक्षित आहात.